दुपारची चूल कोणी विझवायची?

उन्हाळा तोंडावर आला की उष्माघातापासून बचावाची पत्रकं निघतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचना मराठी होऊन जिल्ह्याजिल्ह्यांत पोचतात, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागतात, मोबाइलवर फिरतात. बारा ते तीन उन्हात जाऊ नका, डोकं झाका, तहान नसली तरी पाणी प्या, एवढं आता लहान पोरांनाही पाठ आहे. त्याच यादीत आणखी तीन सूचना असतात, त्यांच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. ऐन दुपारी स्वयंपाक टाळा आणि स्वयंपाकघराची दारं-खिडक्या उघडी ठेवा. शिळं अन्न खाऊ नका. ताक, लिंबूपाणी, भाताचं पाणी अशी घरची पेयं घ्या.

या तिन्ही सूचना एकापाठोपाठ वाचल्या की घरातली सगळी अडचण समोर येते. दुपारी रांधायचं नाही म्हणजे दुपारचं जेवण सकाळीच रांधलेलं असणार. सकाळचं अन्न बऱ्याच घरांत दुपारी एकला गार म्हणून नाकारलं जातं, रात्रीचं तर शिळंच ठरतं. आणि भाताचं आंबूस पाणी प्यायचं तर ते रात्रीच्या भातावरच यायचं. मग करायचं काय? पत्रकात याचं उत्तर नाही. घरोघरी ते उत्तर बाई एकटी देते. साडेबाराला गॅस पेटवते, पोळ्या लाटते, वाफेचा भात वाढते आणि सगळ्यांचं आटोपल्यावर कालचं उरलेलं स्वतः खाते.

मला म्हणायचं आहे ते हे की हा निर्णय तिच्या एकटीवर सोडू नये. उन्हाळ्यात चूल किती वाजता पेटेल आणि दुपारच्या ताटात काय पडेल हे सगळ्या घराने बसून ठरवावं, आणि जे ठरेल ते घरातल्या प्रत्येकाने सारखं खावं. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत त्यासाठी लागणारं अन्न आहे, वेळेचा हिशोब आहे, चुलीची जागाही आहे. या सगळ्याची पत मात्र गेली आहे.

आमचा आरमोरी हा गडचिरोली जिल्ह्यातला, वैनगंगेकाठचा तालुका. नदी ओलांडली की ब्रह्मपुरी, आणि ब्रह्मपुरीच्या हवामान केंद्राचा आकडा मे महिन्यात राज्याच्या बातम्यांत पहिला वाचला जातो. ४६ अंशांचं तिथे नवल राहिलेलं नाही, ४७ही गाठले जातात. हा आकडा कसा मोजतात ते लक्षात घेतलं पाहिजे. तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत असतो, जमिनीपासून उंच, मोकळ्या जागी, सावलीत, वारा खेळता राहील असा. आमच्या गावातल्या स्वयंपाकघराला यातलं काहीच मिळत नाही. वर तापलेला स्लॅब किंवा टिनाचे पत्रे, एक लहानशी खिडकी, समोर ज्योत. पंखा असला तरी बंद, कारण वाऱ्याने ज्योत फडफडते आणि पोळी कच्ची राहते. कूलर बैठकीच्या खिडकीत. तिथली दमट हवा आत सरकत येते, म्हणून ओट्याशी उभ्या असलेल्या बाईचा घामही धड वाळत नाही. कोरड्या उन्हात घाम वाळतो, त्यानेच अंग निवतं. तिचा तोही आधार जातो.

कारखान्यातल्या कामगाराच्या धगीचा विचार मात्र कायद्याने केला होता. कारखाने अधिनियम १९४८ सालचा. त्याच्या तेराव्या कलमात कामाच्या खोलीत हवा खेळती असावी, तापमान कामगाराच्या प्रकृतीला बाधणार नाही असं राखावं, असं बंधन होतं. एखाद्या प्रक्रियेत फार उष्णता निघत असेल तर ती कामाच्या खोलीपासून वेगळी करावी किंवा तापलेले भाग झाकून घ्यावेत, असंही त्यात म्हटलं होतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये हिशोब मांडला की २०३० पर्यंत उष्णतेमुळे भारताचे कामाचे ५.८ टक्के तास वाया जाऊ शकतात, म्हणजे पूर्णवेळ रोजगाराच्या भाषेत ३ कोटी ४० लाख नोकऱ्यांइतके. पोळ्या लाटणाऱ्या बाईचे तास कुणाच्या नोकरीत धरायचे? ती आजारी पडली तर त्या दिवसाचा स्वयंपाक थोरल्या मुलीकडे जातो, आणि कोणत्याही वहीत एक तासही बुडालेला दिसत नाही.

केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या बिनपगारी कामासाठी बायकांची दिवसाला २८९ मिनिटं आणि पुरुषांची ८८ मिनिटं निघाली. हे आकडे अनेकदा छापून आले. पण २८९ मिनिटांतली कोणती मिनिटं दिवसाच्या कोणत्या प्रहरी जातात, याला उन्हाळ्यात फार मोठा अर्थ आहे. पहाटे पाचचा एक तास आणि दुपारी साडेबाराचा एक तास शरीराला सारखे पडत नाहीत. आमच्याकडच्या जुन्या बायांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्यांचा सगळा उन्हाळी स्वयंपाक या एका गोष्टीभोवती रचलेला होता.

आंबिलीचंच घ्या. रात्री तांदळाच्या कनकीचं किंवा ज्वारीचं पीठ ताकात, ताक नसेल तर पाण्यात, कालवून ठेवायचं. सकाळपर्यंत ते आंबतं. पहाटे पाण्याला आधण आलं की मीठ-जिरं टाकून ते पीठ हळूहळू सोडायचं आणि गुठळी होऊ न देता ढवळायचं. अर्धा तास जाळ पुरतो. मग मातीच्या मडक्यात ओतून सावलीत ठेवायचं. दहा-अकरापर्यंत ती निवते. दुपारी तोंडी लावायला कांदा, कैरीचा ठेचा, निखाऱ्यावर सकाळीच भाजून ठेवलेली सुकी मासोळी. एका वाडग्यात पाणी, मीठ आणि धान्य तिन्ही पोटात जातात, आणि चूल सकाळी सातलाच विझलेली असते. दक्षिणेकडे भामरागड-एटापल्लीच्या माडिया घरांत हीच पातळ पेज दिवसभर चालते, रानात जाताना भोपळ्याच्या तुंब्यात भरून नेतात.

या जिल्ह्यात तिचं आणखी एक महत्त्व आहे. गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक बरेच आहेत. सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगातलं पाणी कमी झालं की रक्तपेशी आकार बदलून रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा सुरू होतात. अशा पोराला मे महिन्यात दुपारी सुकी पोळी आणि तिखट भाजी वाढायची की दोन वाडगे आंबील, याचा विचार प्रत्येक घराने करायला हवा.

शिळ्या भाताबद्दल मात्र मला स्पष्ट बोललं पाहिजे, कारण जुन्याचं कौतुक करताना माणसं इथे घसरतात. शिजवलेला भात नुसता झाकून रात्रभर गरम हवेत ठेवला तर त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढू शकतो, आणि त्याचं एक विष पुन्हा उकळूनही जात नाही. शिळं खाऊ नका हे सरकारने सांगितलं ते उगाच नाही. जुन्या रीतीत भात असा ठेवत नसत. भात निवला की स्वच्छ पाण्यात बुडवायचा, जमलं तर आधीचं आंबूस पाणी किंवा ताक घालायचं, मातीच्या भांड्यात ठेवायचा आणि सकाळी लवकर संपवायचा. आंबटपणा आला की बरेचसे घातक जंतू माघार घेतात, तरी धोका शून्य होत नाही. वास बदलला, तार सुटली, की तो भात गुरांकडे. दुपारपर्यंत ताणायचा नाही. आंबील यापेक्षा निर्धास्त, कारण ती आधी आंबते आणि मग शिजते. म्हणून दुपारसाठी आंबील, आणि पाण्यातला भात घ्यायचाच तर सकाळच्या न्याहारीला, असा माझा कौल आहे. पत्रकात एकीकडे भाताचं पाणी प्या आणि दुसरीकडे शिळं टाळा असं लिहून सोडून देण्याऐवजी हा फरक चार ओळींत समजावला असता तर बायांच्या हाती काहीतरी उपयोगाचं लागलं असतं.

इतकं चांगलं अन्न घरातून गेलं कसं, याचा विचार करताना मला हवामानापेक्षा मानपान जास्त कारणीभूत दिसतो.

आंबील आणि पेज हे मजुराचं अन्न होतं. ज्याच्या घरी पुरेसं धान्य नव्हतं तो मूठभर कनकीत मडकंभर पाणी घालून सहा पोटं भरवत होता. मालगुजाराच्या बांधावर राबणाऱ्याला पितळी भरून तीच मिळे. ज्यांनी ती नाइलाजाने प्याली त्यांच्या नातवंडांना आज तिच्यात पौष्टिकता आहे असं सांगायला जाणं मला जड जातं. वाफेचा भात, वरण, पोळी, भाजी असं भरलेलं ताट समोर येणं ही त्या घरांनी मिळवलेली गोष्ट आहे. नदीपलीकडे नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी १९८३ च्या सुमाराला आपल्या तुकडाभर शेतातून एचएमटी तांदूळ निवडून काढला. तो बारीक, मऊ भात गरिबाच्या ताटातही आला, तेव्हा त्या सुखाची किंमत आम्ही सगळ्यांनी जाणली. दादाजी २०१८ साली गेले. त्यांच्या तांदळाने या भागाला मान दिला. पण बारीक भात रात्रभर पाण्यात टिकत नाही, त्याचा लगदा होतो. पाण्यातल्या भाताला जाडा तांदूळ लागतो, आणि जाडा तांदूळ आता 'कंट्रोलचा' म्हणून ओळखला जातो. पाहुण्यासमोर तो कुणी काढत नाही. अशा रीतीने तांदळाची जात, आंबिलीचा वाडगा आणि घराची ऐपत एकमेकांना चिकटली.

दुसरी गोष्ट घराच्या आतली. चार पैसे आल्यावर गार अन्न घरातून गेलं असं आपण समजतो. ते गेलं पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटातून. बाईच्या ताटात ते राहिलंच. कालचा भात, सकाळची पोळी, भांड्याला लागलेलं वरण हे सगळं तिच्या वाट्याचं. “गरम नाई का काई?” हा प्रश्न आमच्या भागातल्या घराघरांत दुपारी ऐकू येतो, आणि तो विचारणारा कोण आणि ऐकणारी कोण हे सांगायला नको. जे अन्न सगळ्यांनी मिळून खाल्लं तर शहाणपण ठरलं असतं, ते एकटीच्या ताटात गेलं म्हणून उष्टं-उरलेलं ठरलं. याच विदर्भात महालक्ष्म्या बसतात तेव्हा सोळा भाज्यांसोबत ज्वारीची आंबील नैवेद्याला असते. आपल्या पंचांगात श्रावणात शीतला सप्तमी आहे, त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं थंड अन्न घरदार खातं. देवीसाठी आंबील चालते आणि वर्षातून एक दिवस चुलीला विसावाही चालतो. मे महिन्यातल्या दुपारी घरधन्याला ती चालू नये, याला मला काही कारण सापडत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. जुन्या उन्हाळ्यात बायांना आराम होता असं कोण म्हणेल? होळीनंतर वाळवणं सुरू होत. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून वाटायचा, पहाटे चीक शिजवायचा, ऊन चढायच्या आत साच्यातून घालायचा. पापड, शेवया, मुंगवड्या, काडीवर गुंडाळून काढलेले सरगुंडे. कैरीच्या फोडी, अंबाडीची फुलं, वेचून आणलेला मोह, सगळं अंगणात पसरायचं आणि गाई-बकऱ्यांपासून राखत बसायचं. ऊन फुकटचं होतं, राखण फुकटची नव्हती. आमच्या सासूबाईंच्या हाताच्या सरगुंड्यांसोबत आमरस मी आवडीने खाल्ला आहे, आणि एवढ्या काड्या गुंडाळताना त्यांची पाठ कशी धरायची तेही पाहिलं आहे. म्हणून जुनं सगळं परत आणा, असं मी म्हणणार नाही. वाळवणं विकत मिळतात, बचत गटांच्या बाया ती मोबदला घेऊन करतात, ते मला बरं वाटतं. पण एक भेद करायला हवा. वाळवण हे वर्षाच्या बेगमीचं काम, ते दुसरीकडे सोपवता येतं. दुपारचं जेवण रोजचं असतं. आंबिलीने दुपारची चूल विझते, म्हणून तिचा आग्रह धरायचा. सरगुंडे सणासुदीला, जमेल त्याने करावेत.

दुसरा आक्षेप मजूर घरांकडून येतो आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. पहाटे रांधा म्हणणं सोपं आहे. एप्रिलच्या शेवटापासून तेंदूपत्त्याचा हंगाम. बाई रात्री दोन-तीनला उठते, भात टाकते, डब्यात भरते आणि उजाडायच्या आत रानात जाते. दहा-अकराला डोक्यावर पानांचा भारा घेऊन परत. मग घरातले सगळे बसून पुडे बांधतात. एका पुड्यात ७० पानं, असे १००० पुडे झाले की एक प्रमाण गोणी. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मांडायचे. हंगाम पंधरा-वीस दिवसांचा, पण पावसाळ्याआधी हाती येणारा हा मोठा पैसा. त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला असंच अंधारात निघावं लागतं. वडसा वनविभागातल्या या रानात वाघ आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात सीटी-१ नावाने ओळखला जाणारा वाघ वडशाजवळ जेरबंद केला, तोवर त्याने तीन जिल्ह्यांत मिळून तेरा माणसं मारली होती. आणि सरपण आणायलाही त्याच रानात जायचं असतं. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत सिलिंडर घरात आले. पण भरून आणायला पैसे नसले की गॅसवर चहा आणि चुलीवर भात अशी वाटणी होते. जेवढा जाळ जास्त, तेवढ्या रानातल्या खेपा जास्त.

अशा बाईला अजून लवकर उठ असं मी कोणत्या तोंडाने सांगू? तिला सांगायचंच नाही. तिच्या घरातल्या इतरांना सांगायचं आहे. आंबिलीचं पीठ रात्री कालवून ठेवायला कुठलंही कसब लागत नाही, दहा वर्षांचं पोर ते करू शकतं. पहाटे आधण ठेवून ढवळणं पुरुषाला जमत नाही असं मानायला मी तयार नाही. तेंदूच्या फळीवर तोच माणूस सत्तर-सत्तर पानांचा अचूक हिशोब सांगतो, लग्नाच्या मांडवात दोनशे पानांचा भात काढतो. घरच्या चुलीपाशी येताच त्याचे हात अडतात ते शरमेपायी. पुन्हा मानपानच.

उन्हाळ्याचं आणखी एक रूप आहे, ते म्हणजे भरलेलं घर. विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. सुट्टीत शाळेतलं दुपारचं जेवण थांबतं आणि तेवढी ताटं घरावर येतात. लेकी माहेरी येतात. लेक माहेरी आली म्हणजे तिने पाट सोडायचा नाही, असं आई म्हणते, आणि तिची ती माया खरीच आहे. पण लेकीचा विसावा वहिनीच्या पाठीवर उभा असतो. तीच वहिनी महिन्याने आपल्या माहेरी जाते आणि तिथे तिची वहिनी कढईपुढे उभी राहते. माहेरपणाचं सुख घेतलेल्या प्रत्येक बाईने दुसऱ्या एका बाईचा उन्हाळा वापरलेला असतो. मीही घेतलं आहे, भरभरून घेतलं आहे. त्या घरांत मुलगे, भाऊ, भाचे दुपारी कूलरपुढे आडवे पडलेले असत आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. पोरं वाढवण्याची हीच वेळ असते, कारण सुट्टीत ती चोवीस तास घरात असतात आणि घर कसं चालतं ते पाहत असतात. बारा वर्षांच्या भाच्याला ताक घुसळायला, कैरी किसायला, मडक्यावरचं ओलं फडकं बदलायला लावलं तर त्याच्या उन्हाळ्यातलं काही कमी होत नाही.

आता जागेचा प्रश्न. पूर्वी इथली घरं मातीची, वर कवेलू. कवेलूंच्या फटींतून धूर आणि तापलेली हवा वर निघून जाई. उन्हाळा लागला की अंगणात बांबू रोवून वर जांभळीचे, पळसाचे डहाळे टाकून मांडव घालत आणि चूल घरातून काढून मांडवाशेजारी किंवा सांदवाडीत, म्हणजे परसात, मांडत. कारखान्याच्या कायद्यात लिहिलेली गोष्ट, उष्णता कामाच्या खोलीतून बाहेर काढा, ती इथे दर वर्षी होळीनंतर कुणी न सांगता होत होती. आता घरकुल मिळतं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरलेलं आहे आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. पक्कं घर हवंच. पावसात गळणाऱ्या कवेलूंखाली रात्र काढलेल्या माणसाला त्याचं मोल विचारा. पण २५ चौरस मीटरच्या चार भिंतींत, स्लॅबखाली, धगीची जागा आणि निजायची जागा यांत एकाच भिंतीचं अंतर राहतं. दुपारी पेटवलेल्या चुलीची धग रात्री पोरांच्या अंथरुणापर्यंत पोचते. भंडाऱ्यापासून भामरागडपर्यंत आणि कोकणच्या दमट किनाऱ्यावरही घराचा विचार त्याच एका ठोकळ्यात व्हावा, हे मला पटत नाही. आमच्या भागातल्या घरकुलाला मागच्या बाजूला छप्पर असलेली उघडी ओसरी, तिथे एक ओटा आणि धुरासाठी वर मोकळी जागा, एवढं मंजूर आराखड्यातच धरलं पाहिजे. ग्रामसभा मांडवासाठी बांबू देऊ शकते. वनहक्क कायदा २००६ सालचा आहे, आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने आपला बांबू स्वतः विकून दाखवल्यालाही बरीच वर्षं झाली. या जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा आज तेंदूचा लिलाव स्वतः करतात. ज्या ग्रामसभेत लिलावाची बोली ठरते तिथे उन्हाळी मांडवाचाही ठराव होऊ शकतो.

मान परत मिळवता येतो, हे शेजाऱ्यांकडे पाहून कळतं. ओडिशात पाण्यात आंबवलेल्या भाताला पखाळ म्हणतात आणि तिथली माणसं २० मार्चला पखाळ दिवस साजरा करतात, जगन्नाथाच्या पुरीतही पखाळेचा नैवेद्य असतो. छत्तीसगडमध्ये २०२२ साली १ मेच्या कामगार दिनी मुख्यमंत्र्यांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी बोरे-बासी खाल्ली. तो राजकारणाचा भाग होता हे खरं, पण सीमेपलीकडच्या मजुराचं ताट त्या दिवशी मंत्र्याच्या टेबलावर गेलं हेही खरं. बंगालीत त्याच भाताला पांता म्हणतात. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मास्टरशेफ स्पर्धेच्या अंतिम फेरीत किश्वर चौधरी या बांगलादेशी वंशाच्या बाईने तो परीक्षकांपुढे ठेवला, आणि अनेक घरांनी लपवलेलं एक ताट जगाने पाहिलं. स्पेनच्या अंदालुसियात शेतमजुरांनी पाव, पाणी, व्हिनेगर कालवून खाल्लेलं गार सूप आज तिथल्या उत्तम उपाहारगृहांत मिळतं. आपल्या कोकणातही दहा वाजताची पेज अजून कुणाला कमीपणाची वाटत नाही. मग वैनगंगेकाठीच ती का वाटावी?

इथे मला एक धोका दिसतो. आंबील जर सणाची, महोत्सवातल्या स्टॉलची, शहरी आरोग्याच्या फॅशनची गोष्ट झाली तर तिचं नाव वाढेल आणि दुपारची चूल तशीच पेटत राहील. आधी वरण-भात-भाजी-पोळी आणि शिवाय आंबीलही, असं झालं की बाईच्या कामात भर पडली. आंबिलीचा अर्थ तिच्यामुळे जे रांधावं लागत नाही त्यात आहे. म्हणून सुरुवात महोत्सवापासून करू नये. मार्चपासून जूनपर्यंत दुपारचं एक जेवण बिनजाळाचं, आणि गरम जेवण रात्री, ऊन उतरल्यावर, अंगणात. सकाळच्या चुलीपाशी आठवड्यातले काही दिवस पुरुष. एवढ्या तीन गोष्टी घरात पक्क्या झाल्या तर पुढचं आपोआप होईल. आशा ताई घरोघरी उन्हाळ्याचं पत्रक वाचून दाखवतात, तेव्हा त्यांनी ते बाईला एकटीला न वाचता घरातल्या कर्त्या माणसाला समोर बसवून वाचावं, विशेषतः दुपारी स्वयंपाक टाळण्याची ओळ.

खरी परीक्षा मे महिन्यात जावई येतो तेव्हा होईल. तो भर दुपारी बारालाच पोचतो, आणि त्याच्यासाठी पुरी, भजी, वरण-भात झालं नाही तर गावात नाव जातं. घरातल्या सगळ्या सुधारणा याच उंबऱ्यावर थांबतात हे मला ठाऊक आहे. तरी माझं मत पक्कं आहे. जावयाला पाय धुवायला पाणी द्यावं, मांडवाखाली बसवावं, आणि पितळी भरून गार आंबील, कांदा, कैरीचा ठेचा द्यावा. सासऱ्याने त्याच्या शेजारी बसून तीच प्यावी, आणि सासूने, लेकीने, सुनेने त्याच पंगतीत. तळण-बिळण रात्री होईल. आणि जावई जाणता असेल तर संध्याकाळी कणीक तिंबायला तोही उठेल.